चुना

पहिलं दिसलं तेव्हा मी त्याला हाकललं नाही.
त्या मे महिन्यात भुसावळात शेहेचाळीस चढलं होतं,
दुपारचे चार-चार तास वीज नाही,
चिलर गप्प, पंप गप्प,
आणि काचेतला माझा दोनशे लिटरचा समुद्र
उतू गेलेल्या भाजीसारखा वास मारू लागला.
कोरल मिटले ते मिटलेच.
जोडीतला एक क्लाऊन उरला,
तोही कोपऱ्याकडे तोंड करून.
मेलेलं सगळं बादलीत काढत होतो
तर दगडाच्या कपारीत हे :
बोटाच्या पेराएवढं, कोऱ्या चहाच्या रंगाचं,
काचेच्या धाग्यांसारखी बोटं हलवत.
म्हटलं, राहू दे.
काहीतरी जगलंय.

पोळ्यापर्यंत सात झाली.
दसऱ्याला मोजणं सोडलं.

एप्टेशिया, म्हणाला दगड पाठवणारा,
मुंबईहून, थर्माकोलच्या पेटीत, ब्रेकव्हॅनमधून.
म्हणजे हे त्याच दगडात बसून
विदाऊट तिकीट आलं.
कापू नका बरं का, हे त्यानं सांगितलं
मी कापल्यावर.

लोको शेडमध्ये वीस वर्षं
मोटारींचे झिजलेले ब्रश बदलतोय.
खराब ते काढायचं, चांगलं ते बसवायचं,
हाताला दुसरं काही येत नाही.
कात्री लावली.
जिथं जिथं चिंधीएवढा तुकडा पडला
तिथं आठवड्यात एकेक नवं तोंड.
लिंबू पिळून पाहिलं. उकळतं पाणी पाहिलं.
यांना खाणारी म्हणून कोळंबी मागवली,
ती क्लाऊनच्याच तोंडचा घास ओढायची
आणि यांच्या शेजारून
लाल पट्ट्यांची साडी सावरत निघून जायची.

"माशाईले एसी अन् मले कुलर,"
हेमलता म्हणायची, डबा भरताना.
बाकी त्या टाकीकडे तिनं कधी पाहिलं नाही.

शेवटी गफूर तडवीच्या टपरीवरून
पाच रुपयांचा चुना आणला.
खाता कधीपासून, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, मी नाही खात.

चुना ताकाएवढा पातळ करायचा.
पंप बंद. पाणी स्तब्ध.
सावली पडली तरी ते आत ओढून घेतं,
म्हणून आधी कोळंबीचा कण दाखवायचा,
भूक लागलेलं तोंड उघडतं,
तेवढ्यात सुई.
दोनदा केलं. दोन्ही वेळा हात हलला,
चुना पांढऱ्या धुरासारखा भलतीकडेच गेला
आणि ते दगडात शिरून बसलं.

रेल्वे दवाखान्यातली रात्रपाळी करून
ती दारात उभी होती, चपलाही पायात.
"सरका बरं बाजूले. तुमचा हात हालतो."
कोपरापर्यंत हात पाण्यात घातला,
तिच्या बांगडीला मीठ लागलं.
कण. थांबली. तोंड उघडलं. सुई.
"झालं, झालं," ती पुटपुटली,
वॉर्डातल्या पोरांना म्हणते तसं,
त्याच आवाजात.
ते पांढरं झालं, आक्रसलं, विरलं.
मग दुसरं. झालं, झालं.
मी कण धरत होतो चिमट्यानं,
माझं काम एवढंच :
खाऊ आहे, असं सांगण्याचं.

एकोणीस.

मग ओल्या हातानंच तिनं चहा ठेवला.
काचेपाशी वाकली, पहिल्यांदाच,
क्लाऊनकडे पाहत म्हणाली,
हा एकटाच आहे का?
आणि मग, ओव्हरफ्लोच्या जाळीमागे बोट दाखवून,
जिथं तिचाही हात गेला नसता :
"ते एक राह्यलं."
पाहिलंय, मी म्हटलं.
ती काही बोलली नाही. मीही सिरिंज धुतली.

यार्डात कोळशाची मालगाडी सुटली.
काच थरथरली, जाळीमागचं ते आत गेलं.
गाडी लांब होती, अठ्ठावन्न डबे.
शेवटचा डबा गेल्यावर
ते पुन्हा बाहेर आलं.